मावशींच्या तबकडीसाठी एक फळी

आमच्या घराची जमीन हलते, हे मला त्या घरात राहायला लागून चौदा वर्षं झाल्यावर कळलं. इतकी वर्षं मी त्या जमिनीवर चाललो, जेवलो, रुसून बसलो, एकदा पाठ धरली तेव्हा चार दिवस आडवाही पडलो. पण ती हलत असेल अशी शंका मनाला शिवली नाही. माणसाचा एकंदरीत जमिनीवर विश्वास असतो. माझा उडाला तो रेकॉर्ड प्लेअरमुळे.

त्याचं असं झालं, की जुन्या सामानाच्या दुकानात मला एक तबकडी सापडली. तिच्या वेष्टनावर दोन वेण्या घातलेल्या, कॅमेऱ्याकडे रागानं बघणाऱ्या एका मुलीचा फोटो होता, आणि ती मुलगी म्हणजे माझ्या बायकोची मावशी. मावशींनी तेविसाव्या वर्षी ही एकच तबकडी भरली होती. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. मग ती कंपनी बुडाली, मावशी शाळेत गणित शिकवायला लागल्या आणि गाणं मागे पडलं. त्यांच्याकडची तबकडी एका घरबदलात फुटली. त्यानंतर एकावन्न वर्षं त्यांनी स्वतःचं गाणं ऐकलं नव्हतं.

मी त्या दुकानातूनच त्यांना फोन लावला. उत्साहाच्या भरात माणसानं फोन करू नये हे मला आता कळतं. मी म्हणालो, मावशी, तुमचं गाणं सापडलंय, ऐकायला या. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे तीन जिने आहेत ना? तीन आठवड्यांनी रविवारी येते. तोवर गुडघ्याची समजूत घालते."

रेकॉर्ड प्लेअर माझ्याकडे होता. कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं निवृत्त होताना दिलेला, सोबत एक तबकडी फुकट. तो मी दिवाणखान्यातल्या चहाच्या टेबलावर मांडला, मावशींची तबकडी चढवली, सुई टेकवली आणि रसिकानं चालावं तसा खुर्चीकडे निघालो. तिसऱ्या पावलाला सुईनं उडी मारली आणि मावशींनी एक ओळ गाळली. चौथ्या पावलाला अख्खा अंतरा गेला. मी खुर्चीत टेकलो तेव्हा तीन मिनिटांचं गाणं पन्नास सेकंदांत आटोपलं होतं.

बायकोनं धावत येऊन सुई उचलली. म्हणजे तिच्या धावण्यानं आणखी एक उडी बसली, पण त्यावर मी बोललो नाही. तिचं म्हणणं असं, की प्रत्येक उडीला तबकडीवर ओरखडा पडतो आणि जगात ही तबकडी एवढी एकच आपल्याला ठाऊक आहे. तिनं ती पुसली, वेष्टनात घातली, कपाटात चादरींच्या घड्यांमध्ये ठेवली आणि किल्ली स्वतःकडे घेतली. सुई उडायची थांबेपर्यंत तबकडीला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला.

प्रयोगासाठी राहिली ती फुकट मिळालेली तबकडी. ती व्यायामाची होती. एक खणखणीत आवाजाचा माणूस तीत एक ते आठ आकडे मोजत होता, पुनःपुन्हा, दोन्ही बाजूंना. प्रयोगाच्या दृष्टीनं ही सोयच झाली. मी खोलीतून चाललो की तो म्हणे, "एक, दोन, तीन, सात." माझ्या घराचा दोष इतक्या स्वच्छ उच्चारांत मला कुणीच सांगितला नव्हता.

हे आकडे भिंतीतून ऐकून शेजारचे पूलसाहेब आले. हे निवृत्त अभियंते. आयुष्यभर त्यांनी पूल बांधले, म्हणून सगळे त्यांना पूलसाहेब म्हणतात आणि ते ती पदवी समजून स्वीकारतात. त्यांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला जमिनीवर ठेवला, त्याच्यासमोर पालथे पडले, चष्मा सारखा केला आणि मला म्हणाले, नेहमीसारखं चाला. नेहमीसारखं चाला म्हटलं की आपण नेहमी कसे चालतो तेच आठवत नाही. मी कसाबसा चाललो. पेल्यातलं पाणी सांडलं. मग त्यांनी बायकोला चालायला सांगितलं. पाण्यावर नुसती सुरकुती उठली. साहेबांनी दोन्ही निकाल वहीत लिहिले आणि मोठ्यानं वाचून दाखवले. शास्त्राला भीडभाड नसते. पण शास्त्राचा तो निकाल बायकोच्या चांगलाच लक्षात राहिला आणि त्या दिवशी जेवताना मला दुसऱ्यांदा वाढायचं ती विसरली.

साहेबांचं निदान असं, की आमची जमीन जुन्या लाकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेली आहे, म्हणजे तिच्यात आणि पुलात तत्त्वतः फरक नाही. सैनिक पुलावरून जाताना पावलं मिळवून चालत नाहीत, हे त्यांनी मला बजावलं. पुढचे दोन दिवस मी घरात पावलं न मिळवता चाललो. त्याची सवय होऊन कचेरीतही तसाच गेलो, तेव्हा शिपायानं आपुलकीनं विचारलं, कंबर का?

यावर साहेबांचा पहिला उपाय, वस्तू जड करा. जड वस्तू सहजासहजी हलत नाही, हे मला साहेबांकडे बघूनही पटण्यासारखं होतं. दगडाच्या कारखान्यात कुणाच्या तरी ओट्यातून उरलेली एक लादी मिळाली. दोन हमालांनी ती वर आणली. दुसऱ्या जिन्यावर ते दम खायला थांबले आणि ही कशासाठी म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गाणं ऐकायला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि उरलेला जिना फार घाईनं चढले.

लादी टेबलावर ठेवली, तिच्यावर रेकॉर्ड प्लेअर. टेबल कण्हलं. मी एक पाऊल टाकलं. व्यायामवाला म्हणाला, "एक, आठ." पूलसाहेब मनापासून खूश झाले. वजनामुळे आधार आणखी लवचिक होतो, हे त्यांनी एका पुलाबाबत छत्तीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं आणि तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं.

दुसरा उपाय, वस्तूखाली मऊ काहीतरी घाला. टेनिसचे दोन चेंडू मधोमध कापून लादीच्या चार कोपऱ्यांखाली चार अर्धुकं बसवली. आता सुई उडेना, पण सगळाच डोलारा पाण्यातल्या होडीसारखा झुलायला लागला आणि व्यायामवाला झोकांड्या खात असल्यासारखा मोजू लागला. तरी मी आशा सोडली नव्हती. तिसऱ्या दिवशी एक अर्धुक निसटून कपाटाखाली गेलं आणि लादी घसरली. त्या क्षणी बायकोच्या एका हाताला रेकॉर्ड प्लेअर होता आणि दुसऱ्या हाताला मी. तिनं रेकॉर्ड प्लेअर धरला. लादी माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर आली. निर्णय बरोबरच होता, अंगठा दुसरा आहे. पण निर्णय घ्यायला तिला जरा वेळ लागला असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी अंगठा गुंडाळला आणि कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवर "पडझड" एवढंच लिहिलं. शिवाय त्यांच्या मेव्हण्याच्या ओळखीतला कुणीतरी सायकलची ट्यूब वापरतो, असंही सांगितलं.

ट्यूब खरोखर चांगली निघाली. अर्धवट फुगवून लादीखाली ठेवली तर मी लंगडत खोलीभर फिरलो तरी व्यायामवाला एकापासून आठापर्यंत सुखरूप पोचत होता. मावशी यायला तेव्हा बारा दिवस होते. मी बायकोकडे कपाटाची किल्ली मागितली. ती म्हणाली, दोन दिवस जाऊ देत. संसारात मला पुरून उरलेलं असं हे एक वाक्य आहे.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सचिव आले. ते आमच्या बरोबर खाली राहतात. तीस वर्षं त्यांनी शाळेत व्याकरण शिकवलं आणि निवृत्तीनंतर तीच शिस्त ते सोसायटीला लावतात. वरून गेला आठवडाभर "आदळण्याचा" आवाज येतो, अशी त्यांची तक्रार होती, आणि "आदळआपट" हा शब्द आपण मुद्दाम वापरला नाही, कारण आपट ऐकू आली नाही, असंही त्यांनी स्पष्ट केलं. मी त्यांना अदबीनं बसवलं आणि आता आदळणं कायमचं थांबल्याचं सांगितलं. वाक्य पुरं व्हायच्या आत ट्यूब फुटली. सचिव खुर्चीसकट मागे सरकले, लादी टेबलावर बसली आणि टेबलाचा एक पाय मोडला. रेकॉर्ड प्लेअर पुन्हा बायकोनंच झेलला. एव्हाना तिचा हात बसला होता.

सचिव उठले. खाली गेले आणि अर्ध्या तासानं फलकावर सूचना लागली. निवासी जागेत स्फोटक प्रयोग करू नयेत. नाव नव्हतं. पण जिन्यात लंगडणारा मी एकटाच होतो.

मोडलेला पाय बसवायला सुतार आला. त्यानं पाय पाहिला, लादी पाहिली, ट्यूबच्या चिंध्या पाहिल्या आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी सांगितलं. पूलसाहेबांनी त्याला तुळयांचं गणित सांगितलं. सुतारानं ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जमीन हलते ना? मग जमिनीवर ठेवता कशाला? भिंतीला लावा."

पूलसाहेब घसा साफ करून म्हणाले, मी आता तिकडेच येत होतो.

सुतारानं दोन दिवसांत जाड लाकडाची फळी आणि तिला खालून पेलायला लोखंडाच्या दोन भक्कम धारव्या करून आणल्या. बाहेरची भिंत दगडी असल्यानं वेळ लागेल, असं तो म्हणाला, पण मला घाई होती. मी पूलसाहेबांच्या बाजूची आतली भिंत दाखवली. त्यानं नकारार्थी मान हलवली. मी आग्रह केला. त्यानं ड्रिल लावलं. ते लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं आणि थांबलंच नाही. मग पलीकडून पूलसाहेबांची हाक आली.

त्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या सत्काराचा मोठा फोटो लावलेला आहे. ड्रिल त्या फोटोतून, साहेबांच्या डाव्या कानाला जेमतेम चुकवून बाहेर आलं होतं. मी तोंडातल्या तोंडात माफी मागत उभा राहिलो. पण साहेबांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं. ते भोकात पट्टी घालून भिंतीची जाडी मोजत होते. चार बोटं. अशी भिंत कंपनाला आडकाठी करत नाही, उलट त्याला वाट करून देते, हे सिद्ध झालं होतं आणि त्यांच्या फोटोच्या बलिदानानं सिद्ध झालं होतं. तो फोटो त्यांनी आजही बदललेला नाही. आल्यागेल्याला भोक दाखवतात.

राहिली बाहेरची दगडी भिंत. ती दोन हात जाड. पण बाहेरची भिंत सोसायटीच्या मालकीची, आणि तिला हात लावायचा तर सचिवांची परवानगी हवी. मावशी यायला आठ दिवस उरले होते.

आता इथं मला एक कबुली द्यायला हवी. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकोणीस वर्षं लोकांचे अर्ज तपासतो. अपुरे अर्ज परत करण्यात माझा हात धरणारा आमच्या शाखेत कुणी नाही. त्यामुळे अर्ज कसा लिहावा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी पूर्ण पानाचा अर्ज लिहिला. विषय दिला: "बाह्य भिंतीवर कंपनप्रतिबंधक मंचाची उभारणी करण्यास अनुमती मिळणेबाबत." लिहिल्यावर मी तो दोनदा वाचला आणि मलाच माझा आदर वाटला.

अर्ज दुसऱ्या दिवशी परत आला. तीन ठिकाणी लाल शाईच्या खुणा होत्या आणि समासात शेरा होता, की अभियंत्याचा दाखला जोडावा. दाखला पूलसाहेबांनी आनंदानं दिला. तो अकरा पानांचा होता आणि त्यात फळीवरून मालमोटार गेली तरी भिंत टिकेल असा निर्वाळा होता. अर्ज पुन्हा परत आला. आता शेरा होता, भिंत ज्यांच्या घरांना लागून आहे अशा वरच्या व खालच्या रहिवाशांची संमती जोडावी. वरच्यांनी लगेच दिली. खालचे रहिवासी म्हणजे स्वतः सचिव. रहिवासी म्हणून त्यांनी सही केली, सचिव म्हणून ती सही तपासली आणि मग शांतपणे सांगितलं, की असे विषय समितीच्या बैठकीत येतात आणि बैठक पुढच्या महिन्यात आहे.

मी म्हटलं, पाहुण्या या रविवारी येतायत. ते म्हणाले, नियमाला पाहुणे कळत नाहीत. हे वाक्य मी स्वतः कितीतरी लोकांना थोड्या फरकानं ऐकवलं आहे. ऐकणाऱ्याच्या बाजूनं ते किती वाईट लागतं, ते मला त्या जिन्यात कळलं. अंगठा ठणकत होता, पण तो ठणका त्यामानानं सोसवत होता.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, मावशींना पुढच्या महिन्यात बोलावू. ती चादरींच्या घड्या घालत होती. तिनं हातातली चादर खाली ठेवली. म्हणाली, "मावशी रोज एक जिना चढायचा सराव करतेय. फोनवर सांगितलं तिनं. काल दोन चढली." एवढंच बोलून तिनं पुन्हा चादर उचलली. तिनं मला बोल लावला असता तर मी भांडलो असतो. तिनं बोल लावला नाही, त्यामुळे मला काहीतरी करणं भाग पडलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी जेवणाच्या सुट्टीत सोसायटीची नियमावली काढून बसलो. बेचाळीस पानं. लोक नियम वाचत नाहीत यावर माझी नोकरी चालते, तेव्हा निदान मी तरी वाचावेत. सव्विसाव्या पानावर मला ते वाक्य दिसलं. मी ते तीनदा वाचलं, डबा तसाच बंद केला आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो.

सचिव दारातच होते. मी नियमावली त्यांच्यासमोर धरून वाचलं, "रहिवाशास स्वतःच्या सदनिकेच्या आतील बाजूने कोणत्याही भिंतीवर घड्याळ, तसबीर अथवा फळी लावण्यास अनुमतीची आवश्यकता नाही."

सचिवांनी चष्मा लावून वाक्य पाहिलं. "पण तुमचा अर्ज मंचासाठी होता."

"तो मी मागे घेतो," मी म्हणालो. "मला फळी लावायची आहे."

त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर नियम आणि सचिव यांची झटापट चालली होती, पण शेवटी व्याकरणाचा मास्तर जिंकला. म्हणाले, "फळी लिहिली असती तर अर्जच लागला नसता. शब्द जपून वापरावेत." आणि ती फळीच आहे, मंच नाही, याची खात्री करायला बसवताना मी स्वतः हजर राहीन, असंही ते म्हणाले.

शनिवारी दुपारी सुतार कामाला लागला. दगडात चार भोकं पाडायला त्याला तीन तास लागले. धारव्या बसल्या, फळी चढली, पूलसाहेबांनी पाणसळ लावून ती सपाट असल्याचं जाहीर केलं. रेकॉर्ड प्लेअर वर ठेवला, व्यायामाची तबकडी लावली. मी चाललो. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ." मी पाय आपटत चाललो. एक ते आठ. साहेबांना तेवढ्यानं समाधान होईना. चाचणी कमाल भारानं घ्यायची असते, असं म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना, बायकोला, सुताराला आणि सचिवांनाही, खोलीच्या मधोमध उभं केलं आणि आकड्याबरोबर उडी मारायला सांगितलं. आम्ही पाच प्रौढ माणसं, मी एका पायावर, त्या खणखणीत आवाजाच्या तालावर उड्या मारत होतो. खिडक्यांची तावदानं वाजली, टेबलाचा नवा पाय पुन्हा निखळला, खाली सचिवांच्या छताचा गिलावा पडल्याचा आवाज आला. सचिवांनी तो ऐकला. पण उडी त्यांचीच होती. वर व्यायामवाला एकही आकडा न गाळता आठापर्यंत गेला, पुन्हा एकावर आला आणि पुन्हा आठापर्यंत गेला. सुतारानं कपाळ पुसलं. पूलसाहेबांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. पूल खुला केल्यावर करतात तसं.

बायकोनं न मागता कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

रविवारी सकाळी दहाला मावशी आल्या. प्रत्येक जिन्यावर थांबल्या, पण कुणाचा हात घेतला नाही. वर येऊन खुर्चीत बसल्या, काठी मांडीला टेकवली, पाणी प्यायल्या. मी फळीशेजारी उभा होतो, जरा तिरका, म्हणजे धारव्या त्यांना नीट दिसाव्यात. हे काय आहे म्हणून त्या विचारतील, मग मी सहज म्हणून सांगायला सुरुवात करीन, असा बेत होता. मावशींनी फळीकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, लावा.

मी सुई टेकवली. थोडी खरखर झाली आणि मग ती मुलगी गायला लागली. पातळ, धीट, कुणाची पर्वा नसलेला आवाज. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी चालायचं धाडस केलं, थेट खुर्चीपर्यंत, आणि गाणं अखंड चालू राहिलं. तीन मिनिटं झाली. मी उठून सुई उचलली.

मावशींचे डोळे मिटलेले होते. आता त्या रडतील, असं मला वाटलं आणि मी रुमाल चाचपला.

"किती घाई," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्या ओळीत श्वास चोरलाय. परत लावा."

परत लावलं. या वेळी त्या डोळे उघडे ठेवून, चुकीचं गणित तपासावं तशा ऐकत होत्या. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यांनी काठी उचलली आणि समेवर जमिनीवर आपटली. फळ्या दणाणल्या. सुई ढिम्म हलली नाही. पुन्हा काठी, पुन्हा दणका, आणि मग मावशी स्वतः गायला लागल्या. आवाज खोल गेला होता, कडेला फाटला होता, पण प्रत्येक सूर जागेवर बसत होता, आणि तेविशीतली मुलगी ती ओळ संपवून पुढे गेली तरी मावशी अजून त्याच ओळीत, हवा तेवढा वेळ घेऊन, घोळत होत्या. पूलसाहेबांच्या घरातला रेडिओ बंद झाला. खालच्या सचिवांच्या खिडकीची कडी निघाली.

गाणं संपलं. मावशींचा श्वास फुलला होता, गालांवर रंग चढला होता.

"फार पुढे पळते ही पोरगी," त्या म्हणाल्या. "मध्येच थांबवता येईल का हो तिला?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी छाती फुगवून उभा राहिलो.

"नाही मावशी," मी म्हणालो. "आता ती कशानंही थांबत नाही."

मावशींनी काठी नीट धरली आणि खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

"मग मलाच तिला गाठायला हवं. पहिल्यापासून लावा."